पलीकडच्या काठावरची आंघोळ

११ ऑक्टोबर २००८, शनिवार. गॅरेज आवरायचं घोडं महिनाभर अडलं होतं, ते आज आवरलं. रंगाचे अर्धे डबे, सईची लहानपणची घसरगाडी, नवऱ्याने ‘लागेल कधीतरी’ म्हणून जपलेली खोकी, सगळं ड्राइव्हवेवर आणून ठेवलं. शेवटी भिंतीवरच्या हुकावरून निळी सायकल उतरवली. दुपारी एक जण जुन्या सायकली गोळा करून नेणार होता. कोणाला काही द्यायचं तर पुसून द्यावं, म्हणून फडकं घेऊन बसले.

सई तेरा वर्षांची आहे. तिने गॅरेजच्या दारातून सायकलीकडे बघितलं आणि म्हणाली, “मॉम, नोबडी इज गोइंग टु राइड दॅट थिंग.”

“मी चालवलीय. चार वर्षं.”

“व्हेअर? हिअर?”

इथे नाही. वेस्ट विंडसरमध्ये सायकल म्हणजे रविवारी हेल्मेट घालून करायचा व्यायाम. एरवी दूध आणायलासुद्धा गाडी काढावी लागते. ही चालवली बर्लिंग्टनला, तळ्याकाठी. सईला त्यातलं फारसं आठवत नाही. ती तेव्हा पिवळ्या स्कूलबसने जायची आणि तीनच्या सुमाराला परत यायची. मधल्या वेळात आई कुठे जाते याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

सगळी सायकल स्वच्छ झाली. मागच्या कॅरियरवरचा तेलाचा काळा थर मात्र निघेना. चाकूने खरवडला, बोटाला चिकटला. बोट नाकाशी नेलं. तिळाचं तेल इतकी वर्षं वास धरून ठेवतं, हे मला माहीत नव्हतं.

*

बर्लिंग्टन उतारावर वसलेलं आहे. तळ्याचं नाव फ्रेंच, शहराची सनद इंग्रज राजाच्या काळातली, आणि विटांच्या इमारती त्यानंतर ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे बांधलेल्या. वर टेकडीवर विद्यापीठ, त्याच्या मागे आमचं अपार्टमेंट. खाली पाणी. पाण्याच्या पलीकडे दुसरं राज्य आणि त्याचे डोंगर, सकाळी निळे, दुपारी करडे. आमच्याकडे गाडी एक. ती नवऱ्याबरोबर कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कारखान्यात जायची. मी सांगलीची. कॉलेजला सायकलवरूनच गेलेली. एका घरासमोर जुनं सामान विकायला मांडलं होतं, तिथे ही मिळाली. पुरुषी, मधल्या दांड्याची. पहिले काही दिवस पाय टाकताना ओढणी अडकली, मग ओढणी घेणं बंद केलं.

त्या शहरात फिरायची एक रीत होती आणि ती महिन्याभरात अंगवळणी पडली. खाली जाताना सायकल, वर येताना बस. तळ्याकडे जाणारा रस्ता सरळ उताराचा, त्यामुळे पॅडल मारावं लागायचंच नाही. थंड वारा कानात भरायचा, बेकरीपाशी लोण्याचा वास यायचा, त्याच्या पुढे ओल्या लाकडाचा, आणि मग कसलाच नाही. समुद्राला वास असतो, तळ्याला नसतो. एवढं पाणी समोर असून वास कसा नाही, याची सवय व्हायला वेळ लागला. परत येताना बसच्या तोंडाशी सायकल ठेवायला लोखंडी चौकट असायची. ती खाली ओढायची, चाकं खाचेत बसवायची, दांडा अडकवायचा. ड्रायव्हर बाई इंजिन चालू ठेवून काचेतून बघत असायची. पहिल्यांदा मला जमेना, तेव्हा ती खाली उतरली नाही. नुसतं बोटाने ‘वर, अजून वर’ असं दाखवत राहिली. नंतर कधी ती शिकवणी लागली नाही.

आणि बोट. उन्हाळ्यात धक्क्यावरून पलीकडे जायची. गाड्या पोटात घ्यायची, माणसं वर. सायकल कठड्याला दोरीने बांधायची. डिझेल, मशीनमधली कडू कॉफी, पाण्यावरून येणारा गारवा. पहिल्या उन्हाळ्यात मी सईला घेऊन दोनदा गेले, हौसेने. तिसऱ्यांदा कामाने जावं लागेल असं वाटलं नव्हतं.

*

दुसऱ्या वर्षी, म्हणजे २००२ च्या सप्टेंबरात, घरी फोन आला.

“हॅलो, काकू, तुम्ही मराठी आहात का?”

“आहे. पण काकू कोण? मी अडतीस वर्षांची आहे.”

“सॉरी, ताई. मी समीर बोलतोय, तळ्याच्या पलीकडून. एक विचारायचं होतं. तुम्हाला बाळाला आंघोळ घालता येते का?”

हा मुलगा पलीकडच्या गावातल्या कॉलेजात संशोधन करत होता. फोनबुक घेऊन ‘कर’ने संपणारी आडनावं शोधत बसला होता. माझ्याआधी त्याने एका तुर्की गृहस्थांना फोन लावला होता. त्यांनी फार सभ्यपणे ऐकून घेतलं म्हणे. बायकोचं नाव केतकी, माहेर नाशिक. मुलगी झाली होती. केतकीच्या आईचा व्हिसा दुसऱ्यांदा नाकारला गेला होता. त्या गावात मराठी सोडा, दुसरं भारतीय घर नव्हतं.

“हॉस्पिटलने शिकवलं असेल ना?” मी विचारलं.

“नुसतं ओल्या फडक्याने पुसायला शिकवलं. केतकी म्हणते ही आंघोळ नव्हे, ही धूळ झटकणं आहे.”

मला ती मुलगी न बघताच पटली.

*

मग दिवसाआड जाणं सुरू झालं. सई बसमध्ये चढली की मी निघायची. कॅरियरवर पिशवी बांधलेली. तीत तिळाच्या तेलाची बाटली, डाळीचं पीठ, जुन्या सुती साडीचे मऊ तुकडे आणि बाळंतिणीचा डबा. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, लसूण घातलेली शेपूची भाजी, बाजरीची भाकरी. शेपू तिथे दुकानात चार काड्यांना जुडी म्हणत. शनिवारच्या शेतकरी बाजारात मात्र ढिगाने मिळायचा. मी एकदम आठ जुड्या उचलल्या की विकणारी म्हातारी विचारायची, “पिकल्स?” तिथे शेपू काकडीच्या लोणच्यात घालतात, म्हणून मीही “पिकल्स” म्हणायची. तिला बाळंतपण समजावत बसायला वेळ कोणाला होता?

अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरच्या त्या दिवसांत बोटीवर पिशव्या उघडून दाखवाव्या लागत. दोरखंड सांभाळणारा दाढीवाला माणूस डब्यात डोकावला. “हे काय आहे?”

“डिंक. नव्या आईसाठी.”

त्याने लाडू बोटाने दाबून बघितला. “आणि ती हे खाते?”

“खावंच लागतं.”

“बिचारी,” तो म्हणाला, आणि माझी सायकल स्वतः बांधून दिली.

पलीकडे धक्क्यापासून चढ होता. तो चढून हमरस्त्याला लागलं की एक लहान बस यायची. तीत बहुतेक म्हातारी माणसं, औषधं आणायला निघालेली. सप्टेंबरच्या शेवटी रस्त्याकडेची झाडं पेटल्यासारखी लाल झाली. बसमध्ये सगळे त्याबद्दल बोलायचे. मला पायात सतत पानं यायची, तेवढाच त्रास. आता मात्र ऑक्टोबर म्हटलं की तो कुजक्या पानांचा गोडसर वास आधी आठवतो, रंग नंतर.

केतकी लहानखुरी, सव्वीस-सत्तावीसची. केस रुमालाने घट्ट बांधलेले, कानात कापूस. हॉस्पिटलला घरी सोडायच्या आधी नाव हवं होतं, त्यामुळे बारसं व्हायच्या आधीच मुलीचं नाव मीरा होऊन बसलं होतं. आजीला ते रुचलेलं नव्हतं. आजी म्हणजे केतकीची आई, फोनवरची आजी. नाशिकला तेव्हा संध्याकाळ असायची आणि देवाजवळ दिवा लावून त्या फोनची वाट बघत बसायच्या. फोनकार्ड खरवडून, लांबलचक नंबर दाबून समीर सकाळी फोन जोडून द्यायचा, स्पीकर लावायचा आणि कामाला पळायचा.

आंघोळीची व्यवस्था मी लावली. टबात एक उपडं प्लास्टिकचं खोकं, त्यावर मी, पाय लांब केलेले. पायांच्या नळ्यांवर मीरा. शेजारी नवी कोरी बादली. ती फरशी पुसायच्या सामानात मिळते, हे मी आजीला सांगितलं नाही. आधी तेल. टाळू भरायची, छातीवरून हात खांद्यांकडे न्यायचे, हातपाय आडवेतिडवे जुळवायचे, पालथी घालून पाठ. मग पीठ. मग कढत नव्हे, पण चांगलं ऊन पाणी. मीरा आधी गप्प, डोळे मोठे करून छताकडे बघणारी. पहिलं पाणी पडलं की टाहो.

“रडली का?” बेसिनवर ठेवलेल्या फोनमधून आजी विचारायच्या.

“रडली.”

“रडू दे. छाती मोकळी होते. अजून दोन तांबे घाला पाठीवर.”

“तांब्या नाहीये इथे, आजी. सॉसपॅन आहे.”

“मग दोन सॉसपॅन घाला.”

केतकी दारात उभी राहून बघायची. कपडा पसरून धरायची, बाळ झेलायची, दुधाला घ्यायची. बाळ पोटभर पिऊन मेल्यासारखं झोपायचं. तेल, पीठ, वाफ आणि दूध यांचा मिळून एक वास त्या दोन खोल्यांत भरून असायचा. खिडकीबाहेर कोणाचं तरी गवत कापायचं मशीन चालू असायचं. मग मी तिचं जेवण वाढायची, बादली पालथी घालायची आणि परतीची बस गाठायची. असं चाललं होतं आणि छान चाललं होतं.

केतकी पाण्यात हात घालत नव्हती. सव्वा महिना बाळंतिणीने पाण्यात हात घालायचा नाही, हे आजींनी फोनवरून बजावलं होतं आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आमच्याकडेही तसंच. सव्वा महिना दुसऱ्याने करायचं, मग ती करेल.

एके दिवशी परतताना बोटीच्या जिन्यापाशी चिकटवलेला कागद वाचला. पुढच्या सोमवारी सुट्टीच्या दिवशी शेवटची फेरी, मग थेट उन्हाळ्याच्या तोंडावर. मी दाढीवाल्याला विचारलं, “बर्फ पडेपर्यंत चालते ना?”

“ही नाही. उत्तरेकडची चालते वर्षभर.”

उत्तरेकडच्या धक्क्यावर जायला गाडी लागते. म्हणजे रविवारी, नवऱ्याची सुट्टी असेल तेव्हा. आठवड्यातून एकदा. आणि केतकीचा सव्वा महिना संपायला अजून बरेच दिवस होते.

*

सायकल न्यायला माणूस आला तेव्हा मी कॅरियर खरवडतच होते. त्याने चाकं फिरवून बघितली, “शी इज सॉलिड” म्हणाला आणि पिकअपमध्ये आडवी टाकली. सई हात हलवायला बाहेर आली, बहुधा माणसाला. मी पावती हवी का विचारणाऱ्या त्या माणसाला नको म्हणाले आणि खोक्यांकडे वळले. केतकी आता चँडलरला असते, तिकडे वाळवंटात. दिवाळीला फोन होतो. तिथल्या उन्हाबद्दल बोलतो, शाळांबद्दल बोलतो. बोटीचा विषय कधी निघत नाही. काढण्यासारखं त्यात काही आहे असं आम्हा दोघींनाही वाटत नसावं.

*

त्या वेळी मात्र दुसरं काही सुचत नव्हतं. पुढच्या खेपेला मी टबात बसले नाही. खोकं ठेवलं आणि केतकीला म्हटलं, “बस.”

“मी?”

“तूच. बोट बंद होतेय. सोमवारी शेवटची.”

“अहो ताई, माझ्या हातून पडेल ती. तेलाचं बाळ म्हणजे मासा असतो नुसता.”

“पडत नाही. पायांच्या खोबणीत बसते.”

फोनमधून आवाज आला, “काय चाललंय तिकडे? अजून महिनासुद्धा झाला नाहीये. पाण्यात हात घालायचा नाही.”

“आजी, बोट बंद होतेय,” मी म्हटलं.

“कसली बोट?”

“मी ज्या बोटीने येते ती.”

मी कशी येते हे बहुतेक त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. शेजारच्या गल्लीतून येत असेन असं धरून चालल्या होत्या. त्या म्हणाल्या, “तुम्ही बोटीने येता?”

“आधी सायकल. मग बोट, मग बस.”

“आणि परत?”

“परत तसंच. उलट्या क्रमाने.”

मग त्या सव्वा महिन्याबद्दल बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “केतके, पाणी आधी कोपराने बघ. हाताने कळत नाही.”

केतकी बसली, पण तिचे पाय थरथरत होते. थरथरणाऱ्या पायांवर बाळ ठेवता येत नाही. त्या दिवशी मीच घातली आंघोळ. पुढच्या खेपेला तिने तेलापर्यंत केलं. टाळू छान भरली, पाठही चोळली, आणि पाण्याचं भांडं उचलायची वेळ आली तेव्हा रडायला लागली. मीरा नव्हे, ती. “मी एकटी असेन, ताई. घरात कोणी नसेल. साबण डोळ्यात गेला तर? मान लटकली तर? तेव्हा तुम्ही तिकडे पाण्याच्या पलीकडे असणार.”

“समीरला थांबव.”

“तो तिला उचलतानासुद्धा श्वास धरतो. त्याच्यापेक्षा मी बरी.”

“तेच म्हणतेय मी.”

ती डोळे पुसत हसली, पण भांडं काही उचललं नाही. पाणी मी घातलं. परतीच्या बोटीत वारा इतका होता की वर कोणी उभं राहिलं नाही. मी खाली गाड्यांच्या मध्ये सायकल धरून उभी राहिले. बोटीच्या पोटाला लाटा आपटत होत्या. केतकीला जमलं नाही तर बाळ जगणार नाही असं काही नव्हतं. ओल्या फडक्याने पुसलेली मुलंही वाढतात, हा देश त्यांनीच भरलाय. पण त्या मुलीने आपल्या मुलीला हात लावायची भीती घेऊन आख्खा हिवाळा त्या दोन खोल्यांत काढायचा होता. खिडकीबाहेर चारला अंधार होणाऱ्या गावात. ते मला पटत नव्हतं.

सोमवारी सईला सुट्टी, नवऱ्यालाही. दोघांना घरी ठेवून मी एकटी गेले. धक्क्यावर खूप गर्दी होती. लोक शेवटची फेरी म्हणून हौसेने आलेले, गळ्यात कॅमेरे. केतकीच्या घरी पोचले तेव्हा मी बूटही काढले नाहीत. फोन हातात घेतला, बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसले आणि सांगितलं, “मी आत येणार नाही. काहीही झालं तरी.”

“दार उघडं ठेवू?” केतकीने विचारलं.

“लाव.”

दार लागलं. नळ सुरू झाला, बंद झाला. मग बराच वेळ काहीच नाही.

“काय करतेय?” आजींनी हळू आवाजात विचारलं.

“तेल लावत असेल.”

“आवाज का येत नाहीये?”

“तेलाला आवाज नसतो, आजी.”

पाणी ओतल्याचा आवाज आला. एकदाच, थोडासा. पुन्हा शांतता.

“रडत का नाहीये?” आजी म्हणाल्या.

“कोण, केतकी की मीरा?”

“दोघी.”

फोनमधली बाई इंग्रजीत मध्येच बोलली, एक मिनिट उरलंय. आजींना ते कळायचं नाही, पण आवाज ओळखीचा होता. त्या भराभर बोलायला लागल्या, “तिला सांगा, घाबरून थेंब थेंब घालू नको, त्याने पोर गारठतं, एकदम धार...” आणि आतून मीराने टाहो फोडला. असा की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. मी फोन दाराच्या दिशेने धरला. पाण्याची धार पडतच राहिली. फोनमधून आधी श्वास ऐकू आला, मग आजींचं नाक ओढणं, आणि मग लाइन गेली.

केतकी बाहेर आली तेव्हा पार भिजली होती. डोक्याचा रुमाल सुटलेला, कापूस एका कानातून पडलेला. मीरा साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली, लालबुंद. केतकी म्हणाली, “पाणी जरा जास्तच ऊन झालं का हो?”

मी बाळाच्या पायाला हात लावला. “नाही. बरोबर आहे.”

जेवण वाढलं. निघताना म्हटलं, “उद्या दहाला घालायची. मला फोन करायचा नाही.”

“आणि काही झालं तर?”

“काही झालं तर इथे डॉक्टर आहेत, नंबर भिंतीवर आहे. मी डॉक्टर नाहीये.”

ती दारात उभी राहिली. मी वळून बघितलं नाही, बस दिसत होती.

परतीच्या बोटीत दाढीवाल्याने सगळ्यांना भोंगा वाजवून दाखवला. मुलांनी कान झाकले. मी त्याला उरलेला लाडू दिला. त्याने तो खिशात टाकला. खाल्ला की नाही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सई शाळेत गेली, नवरा कामावर. मी भांडी घासली आणि नऊच्या आधीच घराबाहेर पडले, कारण घरी राहिले असते तर फोन उचलला असता. काठाकाठाने उत्तरेला जाणारी सायकलवाट धरली. जुन्या रेल्वेच्या भरावावरून ती थेट पाण्यात जाते, दोन्ही बाजूंना तळं, आणि मग एके ठिकाणी तुटते. तिथे सायकल आडवी टाकली आणि दगडावर बसून पाव-भाजी खाल्ली, म्हणजे पावात कालची बटाट्याची भाजी. पलीकडचा काठ धुक्यात होता. दहा वाजले, साडेदहा वाजले. हात गार पडले तशी परत फिरले.

घरी आन्सरिंग मशीनचा लाल दिवा लुकलुकत होता. बूट न काढता बटण दाबलं. लायब्ररीचा निरोप होता. पुस्तकाची मुदत संपली आहे, कृपया परत करा. नंतर काही नाही.

मी तो पुन्हा एकदा शेवटपर्यंत ऐकला. मग पलंगाखालून पुस्तक काढलं, कॅरियरला बांधलं आणि देऊन आले.